मलावीत माझ्या मायसाठी प्रार्थना

ही गोष्ट मी अजून कोणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. मलावीवर मी तासतासभर बोलते हो — चिखली तालुक्यातल्या किती शाळांनी मला शाल-श्रीफळ देऊन बोलवलंय — पण बोलता बोलता एका जागेवर आले की मी वळण घेते. कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याही आलं नसतं.

आधी चांगलं सांगते. चांगलं भरपूर आहे, आणि खरं म्हणजे त्याच्या आडोशाला उभं राहायची मला सवयच झालीय.

मी उंद्रीची. बी.एस्सी., बी.एड. झाले, चिखलीच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होते, आणि तेवढ्यात एका संस्थेची जाहिरात दिसली — आफ्रिकेच्या दक्षिणेकडे मलावी नावाचा देश आहे, तिथे गणित-विज्ञान शिकवायला स्वयंसेवक शिक्षक हवेत. मी अर्ज केला. माय म्हणाली, "जाय. पण खायचं पाह्यजो." बाबा नकाशा घेऊन बसले. आणि मी गेले की.

शाळा एका खेड्यात. लाल माती, मक्याची शेतं, वर्गाला दार नाही, एक वर्ग तर आंब्याखालीच. पहिल्या सकाळी एक उंच, धिप्पाड बाई हसत हसत समोर आली आणि म्हणाली, "मुली ब्वांजी?" मी मागे वळून पाहिलं — कोणत्या मुली? तिथल्या भाषेत ते 'कसे आहात' असतं. ती होती चिम्वेम्वे. शाळेत इंग्रजी शिकवायची, माझ्याच वयाची. तिच्या नावाचा अर्थ आनंद. आईबापांनी नाव ठेवताना विचार केला होता बहुतेक, कारण ही बाई हसायची ती अख्ख्या शाळेला ऐकू जायचं.

माझा पहिला महिना मात्र वाया गेला. का — तर मानेमुळे. आपण 'हो' म्हणताना मान डोलवतो ना, इकडून तिकडे? मुलं गणित सोडवून दाखवायची, मी मान डोलवायची, आणि मुलं बिचारी बरोबर उत्तर खोडून टाकायची. पुन्हा सोडवायची. पुन्हा तेच उत्तर. पुन्हा माझी मान. मला वाटलं, ही पोरं उत्तरं का खोडतात? मुलांना वाटलं, भारतात गणित वेगळंच असतं. शेवटी चिम्वेम्वे मागच्या बाकावर येऊन बसली, दोन गणितं पाहिली, आणि हसून हसून तिला बाहेर जावं लागलं. त्यांच्याकडे मान आडवी हलली की 'नाही'. दुसऱ्या दिवसापासून ती मला मान वरखाली करायला शिकवू लागली. ते मला नीट कधी जमलंच नाही. मग तिने मुलांना सांगितलं — मॅडमची मान हलली म्हणजे बरोबर, मॅडम गप्प बसल्या म्हणजे चूक. तिथून पुढे आमचं गणित सुरळीत चाललं.

मी शाकाहारी. गावात ही बातमी पसरली तेव्हा लोक मला आजारी समजून भेटायला आले. चिम्वेम्वेच्या आईने मात्र काही विचारलं नाही. त्यांच्याकडे आईला 'आमायी' म्हणतात, आणि मी 'माय' म्हणायची ते त्यांना तसंच ऐकू यायचं. आमायींनी माझ्यासाठी एक पातेलं वेगळंच केलं. त्यात कधी मांस शिजलं नाही. भोपळ्याचा कोवळा पाला, त्यात शेंगदाण्याचं कूट, आणि सोबत मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा — त्याला न्सिमा म्हणतात. पहिला घास खाल्ला आणि मला वाटलं, हे तर आपल्या घरचंच कोणीतरी रांधलंय, फक्त तिखट विसरलंय. मग मी त्यांना ठेचा करून खाऊ घातला. आमायींनी एक बोट चाटलं, पाणी प्यायल्या, आणि गंभीरपणे विचारलं, हे तुमच्याकडे मुलांना देतात का?

मला मलेरिया झाला तेव्हा मी त्यांच्या घरी होते. घरात एकच पलंग — आमायींचा. त्यावर मी. आमायी आणि चिम्वेम्वे खाली चटईवर. मी बरी झाले तरी मला उठू देईनात. आमायी माझे केस विंचरायच्या, आणि हे इतके सरळ केस कसे टिकतात याचं नवल करत बसायच्या.

हे सगळं मी भाषणात सांगते. पलंगाचं सांगितलं की बाया डोळे पुसतात. मग मी म्हणते, माणूस इथून तिथून सारखाच. टाळ्या पडतात. आणि इथेच — इथेच मी वळण घेते.

कारण चिम्वेम्वे भारतात आली होती.

हो. मी परत आल्यावर काही वर्षांनी. पुण्यात शिक्षकांसाठी इंग्रजीचं एक प्रशिक्षण होतं, तिची निवड झाली. तिने मला फोन केला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं आनंदाने. प्रशिक्षण संपलं की आठवडाभर मोकळी होती. रेल्वेने शेगावला उतरेन म्हणाली, तू घ्यायला ये. शेगावची कचोरी मीच तिला वर्णन करून करून पाठ करवली होती. आणि माझ्या मायसाठी तिने चितेंजे आणलं होतं — तिथल्या बाया कमरेला गुंडाळतात ते रंगीत छापील कापड. आमायींनी स्वतः बाजारात जाऊन निवडलेलं.

मायला तर काय सांगू. तिने घर सारवून घेतलं. तुरीचे सोले, शेंगांतले ओले दाणे, आणून ठेवले. तिकडे भाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात म्हणून कूट केलं. "तिले आपलं जेवण पचन ना?" एवढीच तिची काळजी.

एका दुपारी अंगणात काकू आणि शेजारच्या दोघी पापड लाटत होत्या. मी त्यांना सांगितलं, माझी मैत्रीण येणार आहे, आफ्रिकेची. काकू पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "आफ्रिकेची? मंग तं संध्याकायी तिले शोधाले बॅटरी लागन."

सगळ्या हसल्या.

मीही हसले. थोडंसं नाही हो — चांगलं मोठ्याने. आणि हसता हसता मला दिसलं — ती उंद्रीला बसमधून उतरतेय, स्टॉपवरची माणसं चहाचे कप हातात धरून पाहतायत, पोरं मागे लागलीयत, आणि तिच्या बाजूला मी. लोक तिला पाहणार आणि मग मला पाहणार.

काकूला दोष देऊ का? काकू बोलली आणि विसरली. तिच्यासमोर चिम्वेम्वे आली असती तर तिनेच पहिली तिला ताट वाढलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला कोणी मनाई केली नव्हती. घरात कोणी नाही म्हटलं नव्हतं. मग मी काय केलं?

मी मळ्याकडे गेले, बाभळीखाली उभी राहिले आणि चिम्वेम्वेला फोन केला. म्हटलं, मायच्या अचानक छातीत दुखायला लागलं. खामगावला दवाखान्यात ठेवलंय.

मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, मग तर मी आजच निघते. तू एकटी कशी करशील? मी तुझ्या आईजवळ बसते, तू घरी जाऊन झोप.

आता बोला. मग दुसरं खोटं — दवाखान्यात बाहेरच्यांना सोडत नाहीत. मग तिसरं — घरीही कोणी नाही. तेव्हा ती हळूच म्हणाली, तुला जसं बरं वाटेल तसं. आणि फोनवरच तिने मायसाठी प्रार्थना म्हटली. मी फोन कानाला लावून ती ऐकली. पलीकडे विहिरीपाशी माझी माय गवताचा भारा डोक्यावर घेऊन दुसऱ्या बाईशी गप्पा मारत होती.

घरी येऊन मायला सांगितलं, तिला सुट्टी मिळाली नाही. माय खट्टू झाली. सोल्यांची आमटी आम्हीच खाल्ली.

चितेंजे पुण्याहून कुरियरने आलं. मायला ते इतकं आवडलं की ती डोक्याला बांधून शेतात जाऊ लागली. लांबून मोर दिसावा तशी दिसायची. बाया विचारायच्या कुठून घेतलं, आणि माय तोऱ्यात सांगायची, "आफ्रिकेच्या माह्या लेकीनं देलं."

आणि तिकडे? तिकडे चिम्वेम्वेने चर्चमध्ये सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी त्या खेड्यात माझ्या मायच्या प्रकृतीसाठी प्रार्थना होऊ लागली. माझी माय — भाकरीवर मिरचीचा ठेचा घेणारी, दवाखान्याची पायरी न चढलेली. चिम्वेम्वे दर आठवड्याला विचारायची, कशी आहे? मी कळवायची, सुधारतेय. एकदम बरी कशी म्हणणार? म्हणून मी मायला हळूहळू बरी केली. आज थोडं चालली. आज जेवली. ज्या दिवशी मी कळवलं की पूर्ण बरी झाली, त्या दिवशी त्यांनी गावजेवण केलं. फोटो आले. आमायी नाचत होत्या. माझे जुने विद्यार्थी ताटं धरून उभे होते, आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून माझ्यासारखी मान डोलवली होती.

मला हसू आलं. मग काय झालं ते सांगत नाही.

गेल्या महिन्यात माय म्हणाली, तिचा व्हिडिओ कॉल लावून दे, मले तिले पाहू दे. मी किती तरी दिवस टाळलं, पण माय हट्टाला पेटली. ओट्यावर बसून लावला. पलीकडे चिम्वेम्वे, तिच्या मागे आमायी, खूप म्हाताऱ्या झालेल्या. दोघीही आनंदाने ओरडत होत्या. माय पदर सावरून फोनच्या अगदी जवळ गेली, इतकी की त्यांना फक्त तिचं कपाळ दिसत असावं. माय मराठी बोलणार, चिम्वेम्वे इंग्रजी. मधे मी.

चिम्वेम्वेने विचारलं, आता छातीत दुखत नाही ना? औषधं चालू आहेत का?

मी मायला सांगितलं, ती विचारते, जेवलात का.

"जेवली म्हण. अन् तिले इचार, तू काऊन नाही आली माय? म्या किती वाट पाह्यली."

मी चिम्वेम्वेला इंग्रजीत सांगितलं, माय म्हणते, तुमच्या प्रार्थनेने मी वाचले.

चिम्वेम्वेचे डोळे भरून आले. तिने हात जोडले, आपल्यासारखे, माझ्याकडूनच शिकलेले. मायने पाहिलं आणि मला विचारलं, "काऊन रडते वं ते?"

मी म्हटलं, येता आलं नाही म्हणून तिला वाईट वाटतं.

मायने पदराने फोनची काच पुसली, जणू तिचेच डोळे पुसतेय, आणि म्हणाली, "राहू दे माय, रडू नको. होते असं." मग दोघी कितीतरी वेळ एकमेकींकडे पाहून हसत राहिल्या, आणि मी भाषांतर करत राहिले.

माय आजारी नव्हती. चिम्वेम्वेला सुट्टी होती. बसस्टॉपपासून घरापर्यंत तिच्याबरोबर चालायची मला लाज वाटली होती.