बापू-नानांचा अडकणारा गेम

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. पंख्यात धूळ साठते तसे ते आपोआप साठतात आणि शेवटी माझ्याच डोक्यावर बसतात. कोपरगावात माझं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. लोकांना वाटतं संजू फार शांत माणूस. साफ चूक! मी फक्त गिऱ्हाइकासमोर शांत असतो. घरी जाताना गाडीवर मोठमोठ्यानं शिव्या देतो, आणि त्यातल्या निम्म्या दोनच माणसांसाठी राखीव असतात. बापू आणि नाना.

सख्खे भाऊ. बापू थोरले, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेले. नाना धाकटे, ऊस करतात. अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली, अंगणात भिंत आली आणि बोलणं बंद. कारण विचारू नका, दोघांनी मला वेगवेगळं सांगितलंय. पण त्याच्या कितीतरी आधीपासून दोघं कॉम्प्युटरवर एक जुना गेम एकमेकांविरुद्ध खेळायचे. गावं वसवा, शेती करा, सैन्य उभं करा, समोरच्याचं राज्य घ्या. दोन खोल्यांत दोन कॉम्प्युटर आणि मध्ये मी टाकलेली वायर. भिंत बांधताना गवंड्यानं विचारलं, "हिचं काय करायचं?" दोघंही आपापल्या खोलीत निघून गेले. त्यानं वायर भिंतीवरून घेतली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोघं आपापल्या घरात बसून एकमेकांची राज्यं जाळतात. बाकी संबंध शून्य. लग्नपत्रिकासुद्धा पोस्टानं जाते, भिंतीच्या या बाजूकडून त्या बाजूला! म्हणजे ज्या दिवशी गेम बंद, त्या दिवशी भाऊ संपले. हे मला कळतं, त्यांच्या बायकांनाही कळतं. म्हणून मी जातो. नाहीतर कोण जातंय मरायला!

* * *

गेल्या पावसाळ्यात वीज पडली आणि दोन्ही जुने कॉम्प्युटर एका दमात गेले. दोघांच्या मुलांनी पुण्याहून नवे पाठवले. एकाचा पाहून दुसऱ्याचा मोठा. विमान उडवायला पुरतील अशी मशीनं! आणि त्यावर तो वीस वर्षांपूर्वीचा गेम रांगायला लागला. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं यायला हवीत, तिथं बापूंकडे नऊ.

त्यात या गेमची एक खोड आहे. दोन्ही मशीनं पावलाला पाऊल लावून चालतात. एक मागं पडलं की दुसरं त्याच्यासाठी थांबतं. एकाचं अडलं की दोघांचं अडलं. आणि दोघंही देवाची शपथ घेऊन सांगणार, अडतंय ते पलीकडचं!

मी बापूंच्या मशीनची मागची बाजू बघितली आणि डोकंच फिरलं. आत विटेएवढं ग्राफिक्स कार्ड, आणि पडद्याची वायर त्याला सोडून भलतीकडेच खोचलेली. म्हणजे ते कार्ड घरजावयासारखं नुसतं बसून होतं. कार्डाच्या भोकांवर काळ्या टोप्या तशाच.

"बापू, वायर याच्यात लावायची असते. टोप्या का नाही काढल्या?"

"काढल्या असत्या. पन मग एवढ्या भारी कार्डात धूळ गेली असती ना!"

* * *

मग भिंतीला वळसा घालून नानांकडे. नाना छाती पुढं काढून बसलेले. "माझ्याकडं दोष न्हाई. माझ्या मशीनला सोळा डोकी हायेत! दुकानदारानं लिहून दिलंय."

डोकी म्हणजे प्रोसेसरचे कोअर. मी समजावलं. "नाना, गेम जुना आहे. तो बनला तेव्हा कॉम्प्युटरला एकच डोकं असायचं. त्यामुळे तो एकाच डोक्याला कामाला लावतो. ते एक दमतं, बाकीची पंधरा नुसती बघत बसतात."

नाना लालबुंद झाले. आयुष्यभर ऊसतोडीवर टोळ्या हाकलेला माणूस तो! "पंधरा जन बसून खात्यात? माझ्या घरात? काढ त्यांना बाहेर, आत्ताच्या आत्ता!"

तीन वेळा समजावलं. चौथ्यांदा मी पंधराजणांना काढल्याचं खोटंच सांगितलं. तेव्हा कुठं चहा आला.

* * *

नानांच्या घरात कुठल्याही वस्तूचं प्लॅस्टिक काढत नाहीत. ट्रॅक्टरच्या सीटवर प्लॅस्टिक, फ्रिजवर प्लॅस्टिक, रिमोट तर पिशवीत गुंडाळून रबर लावलेला. कॉम्प्युटर का सुटेल? अख्खा डबा प्लॅस्टिकमध्ये, पंख्याची जाळी बंद, आत भट्टी. मशीन तापलं की जळू नये म्हणून स्वतःच हळू होतं. हळू होणार नाही तर काय करेल बिचारं!

मी रागारागानं ते प्लॅस्टिक टराटरा फाडलं. नानांकडच्या काकू धावत आल्या. "आरं, नवं हुतं ना ते!"

"काकू, याला वारा लागतो. पुन्हा प्लॅस्टिक घातलं तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही."

काकूंनी मान हलवली. पुढच्या रविवारी गेलो तर डब्याला मापात शिवलेली खोळ, खाली झालर, पुढं नाडी. मी आ वासून बघतोय आणि काकू कौतुकानं म्हणतायत, "प्लॅस्टिक नको म्हनलास ना? ही सुती हाय!"

* * *

खंडेनवमीला अवजारांची पूजा. माझा विरोध नाही, मीही माझ्या पकडी पूजतो. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बापूंचा फोन. "संज्या, मशीन घरघर करतंय. गेम तर मुंगीच्या पावलानं चाललाय."

डबा उघडला. आत झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, आणि पंख्याची पाती लालभडक. तेल मिसळलेलं कुंकू! पंख्यानं ते आतल्या प्रत्येक कोपऱ्यात पोचवलेलं. दोन तास मी टूथब्रशनं घासत होतो आणि दातओठ खात होतो.

"बापू, कपाळ समजून कुंकू पुढं लावायचं. पंख्याला कुणी लावतं का?"

"मुद्दाम तिथं लावलं. वाऱ्यानं आत सगळ्यांना पोचावं म्हनून!"

* * *

मशीनचा त्रास परवडला, पण निरोप्याचं काम नको. भिंत पाच फुटांची. अलीकडं बापू, पलीकडं नाना, आणि मी मध्ये हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन.

नाना गरजतात, "संज्या, त्याला म्हनाव, तुझं मशीन इक भंगारात!"

बापू गरजतात, "संज्या, त्याला म्हनाव, आधी स्वतःची खोळ काढ!"

एक दिवस माझा तोल गेला. मी स्टुलावर चढलो, भिंतीवरून डोकं काढलं आणि दोघांवर ओरडलो. "अकरा वर्षं झाली! तुमचं दोघांचं बोलणं चौथ्या वस्तीवर ऐकू येतं! तरी मध्ये मी कशाला? मी दुकानदार आहे, वकील नाही!"

मला वाटलं, लागलं वाटतं मनाला. तेवढ्यात बापू हळूच माझ्याकडं वळले.

"नान्या काय म्हनला रे मगाशी, भंगाराचं?"

* * *

दिवाळी झाली आणि एका रविवारी गेम एकदाचा सुरळीत पळाला. इकडं साठ, तिकडं साठ. मला नाचावंसं वाटलं. नाना वीस मिनिटांत हरले. पुढच्या रविवारी दहाच मिनिटांत. त्याच्या पुढच्या रविवारी नाना बसलेच नाहीत. काकू म्हणाल्या, ह्यांचं डोकं दुखतंय. मी कशाला लक्ष देतो! मी माझ्या साठ आकड्यावर खूश.

आणि मग बापूंचं मशीन पुन्हा अडायला लागलं. सेकंदाला बारा! जाऊन बघतो तर मशीन वीज वाचवायच्या मोडवर, म्हणजे अर्ध्या ताकदीवर. मी बदललं. नाना पुन्हा खेळायला बसले होते, म्हणून जीव तोडून बदललं. पुढच्या रविवारी परत तेच. असे सहा रविवार! मी विंडोजच्या अपडेटला शिव्या दिल्या, इन्व्हर्टरला दिल्या, बापूंकडच्या काकूंवर संशय घेतला. वर नाना फोनवर, "तुला जमत न्हाई तर सांग, दुसरा मानूस बघू!" अठरा वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. बायको म्हणाली, "रविवारी तुम्ही आम्हाला दिसतच नाही." तिचंही बरोबर.

परवाच्या रविवारी मशीन नीट करून निघालो, टेस्टर राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. बघतो तर बापू चष्मा लावून, वहीत बघून, एकेक क्लिक करत मी केलेलं सगळं उलटं करत होते.

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. "बापू! तुम्ही? सहा रविवार मी इथं झक मारतोय, आणि तुम्ही? लाज नाही वाटत? अहो, हे असंच अडत राहिलं तर नाना वायर उपटून टाकतील, मग काय करणार आहात?"

बापूंनी मान वळवली नाही. "वरडू नको. नान्याच्या उजव्या हातावरनं वारं गेलंय."

"कोण म्हणालं?"

"कुनी न्हाई. तो कशाला सांगतोय! गेममदी त्याचे घोडे उशिरा निघायला लागल्यात. दिवाळीच्या आधी असं न्हवतं. जोरात चालवलं की त्याला झेपत न्हाई, मंग उठून जातो."

माझा आवाज तरी खाली येईना. "मग गेममध्येच स्पीड कमी करायचं बटण आहे ना! मला विचारायचं होतं!"

"ते दाबलं की त्याच्या पडद्यावर येतं, थोरल्यानं स्पीड कमी केला म्हनून. बघितलंय मी."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नाना. आवाज फोनमधूनही येत होता आणि भिंतीवरूनही. "संज्या, बैलगाडीवानी चाललंय बग त्याचं! तरी मागच्या रविवारी लोळवला त्याला! त्याला म्हनाव, तुझं मशीन म्हंजी निव्वळ डबडं हाय!"

अकरा वर्षांत बापूंनी नानांचा एक शब्द उत्तराशिवाय जाऊ दिला नव्हता. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी शेवटचं क्लिक केलं आणि वही मिटली.

"व्हय म्हनाव. डबडंच हाय. बस म्हनाव खेळायला."