दुसरा भाग लावा

आमच्या आबा नावाच्या शहरात सिनेमाचं दुकान चालवायचं म्हणजे शिव्या खायची तयारी हवी. माझी शेजारीण ममा ओलाएडो, म्हणजे ओलाएडोची आई, त्या चवीनं खायची. दुकानामागच्या पडवीत ती सिनेमे दाखवी. गिऱ्हाइकांचा कायदा ठरलेला: वाईट बाई शेवटी वेडी झालीच पाहिजे, आणि भूत उतरवायला पाद्री वेळेवर आलाच पाहिजे. एकदा एका सिनेमातल्या विधवेनं मजेत दुसरं लग्न केलं आणि तिला साधा तापही आला नाही, तर लोकांनी खुर्च्या उलथवल्या. त्यातली एक माझ्या शिवणाच्या दुकानातून उसनी नेलेली होती. पाय मोडूनच परत आली मेली.

"पाद्री हवा तर चर्चमध्ये जा," ममा म्हणायची. "तिथं जनरेटरचा गोंगाटही नाही."

त्या रविवारी मात्र तिला हसू येत नव्हतं. मूल होत नाही म्हणून सासूनं ओलाएडोला, ममाच्या एकुलत्या एक लेकीला, माहेरी पाठवलं होतं आणि मुलासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली होती. ममानं विहीणबाईंना जावयासकट बोलावलं, हातात उकडलेल्या शेंगा दिल्या आणि नवा सिनेमा लावला. त्यातला डॉक्टर म्हणतो, दोष नवऱ्यात आहे.

पडवीत एकच गिल्ला झाला.

"ह्या डॉक्टरला कुणी पैसे चारले?" विहीणबाई कडाडल्या.

"सुनेनं! दुसरं कोण?" मागून कुणीतरी ओरडलं.

"एवढा उंचापुरा गडी, त्याच्यात कसला दोष?"

"उंची मोजायला नव्हता गेला तो," ममा म्हणाली.

सिनेमातल्या जोडप्यानं अनाथ मूल घरी आणलं आणि सिनेमा संपला. पाद्री नाही, वेड नाही. कुणी जागचं हलेना.

"दुसरा भाग लावा," विहीणबाई म्हणाल्या.

"दुसरा भाग नाहीये."

"नाही कसा? त्यात डॉक्टर चेटक्या निघतो. मला कळत नाही होय? लावा गुपचूप!"

सगळ्या पडवीनं माना डोलावल्या. दाराशी ओलाएडो शेंगांची टरफलं गोळा करत होती.

तेवढ्यात जावई, सोमादिना, खालमानेनं पुटपुटला, "आई, डॉक्टर चेटक्या नाही. एनुगू शहरातल्या डॉक्टरनं मलाही हेच सांगितलं. गेल्या वर्षी."

विहीणबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"गेल्या वर्षी?" ओलाएडो पुढे आली. "आणि मला गेल्या महिन्यात घालवलंत?"

"चल ना घरी."

"येईन की नाही ते नंतर. मला वांझ म्हणणारी सगळी गल्ली इथंच बसलीये. आधी त्यांना सांगा."

सोमादिनानं वळून बघितलं. एरवी सिनेमा संपायच्या आधीच पळणारी मंडळी ढिम्म बसून होती. त्यानं घसा खाकरला.

"थांबा, जावईबापू," ममा म्हणाली. "मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."

आणि तिनं जनरेटर बंद केला.