शेवटच्या दरवाजावरचा लाल दिवा

हे मी आजपर्यंत कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवाला तर मुद्दाम नाही — त्याला माहीत असेल तर सांगून काय उपयोग, आणि नसेल तर मी माझीच चुगली कशाला करू?

तुम्ही म्हणाल, बंडू बोलतोय म्हणजे हसवणार. हसा की. तिसरीत मी दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तर म्हणाले, आता माझ्याच खुर्चीत बस. सुरतेत उधन्याच्या कापड कारखान्यात इतकी वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवली, तिथं पण माझी ओळख काय — जोकर. लोक एकदा हसायला लागले की आपल्याकडं नीट बघत नाहीत. हे मला फार लवकर कळलं. फार कामाला आलं.

आधी गेमचं सांगतो. गेमचं का? कारण दुसरीकडून सुरुवात करायला तोंडच उघडत नाही.

सोपानदादा माझ्या शेजारच्या लूमवर. तो खानदेशातला, पारोळ्याकडचा, मी पण तिकडचाच. सुटीच्या दिवशी आम्ही गोडादऱ्यात एका कम्प्युटरच्या दुकानात जाऊन एक गेम खेळायचो. काळ्या कपड्यातला माणूस किल्ल्यात घुसतो. मारामारी थोडी, लपणंच जास्त. अंधारात उभा राहिला की पहारेकरी नाकासमोरून जातो, त्याला दिसत नाही. उजेडात आला की मेला. बटणं आणि माउस, दोन्ही एकाला जमेना. मग आम्ही एकच माणूस दोघांत वाटून घेतला. बटणं दादाकडं, म्हणजे पाय त्याचे. माउस माझ्याकडं, म्हणजे डोळे माझे. "बंड्या, तू बघ, मी चालतो."

शेवटच्या भागात कैदेतल्या जोडीदाराला खांद्यावर घेऊन बाहेर यायचं. शेवटच्या दरवाजावर दिवा. लाल असताना पाऊल टाकलं की घंटा वाजते, खेळ खलास. हिरवा झाला की निघायचं. तिथंच आम्ही दर वेळी मरायचो — माझ्यामुळं. दिवा बघायचा सोडून मी बडबडत बसायचो.

तो भाग राहूनच गेला. कारण मध्ये दादाची बोटं गेली. उजव्या हाताची दोन.

आता सांगतो. थांबा जरा.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. एखाद्या लूमचं हँडल ढिलं झालं की बंद केलेली लूम हादऱ्यानं आपोआप चालू होते. मग फिटर येईपर्यंत त्या हँडलला लाल चिंधी बांधून ठेवायची. चिंधी दिसली की आधी मोटर बंद करायची, मगच तुटलेल्या धाग्याला हात लावायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांची पाटीच ती. माझ्या एका लूमला त्या दिवशी अशी चिंधी होती. मीच बांधलेली.

आणि मीच सोडली. कशाला? — डोक्याला बांधून नवरदेव व्हायला. दोन लूमच्या मधल्या गल्लीत मी नाचलो, पोरं हसली, दादा पण हसला. त्याला वाटलं असेल, कुठली तरी चिंधी. मग चहा आला. दादाला म्हटलं, माझ्या लूमवर लक्ष ठेव. नवरदेव चहाला गेला.

माझ्या लूमचा धागा तुटला. दादानं लूम बंद केली, हँडल बघितलं — बघितलं त्यानं, तो बघितल्याशिवाय हात घालणारा माणूसच नव्हता — आणि हात घातला.

ओरडणं ऐकून मी पळत आलो. सगळे दादाला उचलून बाहेर नेत होते. मी सूत गुंडाळलेल्या बिमच्या ढिगामागं उभा राहिलो. अंधारात. गेममध्ये उभे राहायचो ना, तसाच. गल्ली रिकामी झाली. मग डोक्याची चिंधी सोडली आणि हँडलला परत बांधली. गाठ पक्की बसली. आयुष्यात एवढं नीट काम मी दुसरं केलेलं नाही.

शेठ आला, चिंधी बघितली, म्हणाला, एवढी लाल चिंधी दिसली नाही? सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. आणि दादानं — हे कसं सांगू — दादानं दवाखान्यातून आल्यावर ते मान्य केलं. माझीच नजर चुकली, म्हणाला.

तेव्हापासून तो सायकल चालवत नाही. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो नजर चांगली आहे. दादा म्हणतो, डॉक्टरला काय माहीत. त्याची पोरगी वैशाली एकदा मला म्हणाली, "काका, बाबा रस्ता ओलांडताना पण मला विचारतात, गाडी आहे का." मी म्हटलं, त्याला तुझी आई धड दिसत नाही, म्हणून तर संसार टिकलाय. ती हसली.

गेल्या महिन्यात वैशालीनं जुना कम्प्युटर घेतला आणि बापासाठी तोच गेम टाकला. दादानं मला बमरोलीला त्याच्या घरी बोलावलं. शेवटचा भाग राहिलाय म्हणाला. मी गेलो. न जायला कारण काय सांगणार होतो?

तो डाव्या हातानं बटणं दाबत होता. माउस माझ्याकडं. माझ्या हातातून तो दोनदा सुटला. जोडीदार खांद्यावर, शेवटचा दरवाजा समोर, दिवा लाल. आणि दादा थांबला. मी काही बोलायच्या आधी, आपणहून थांबला. बरोबर थांबला. मग माझ्याकडं वळून आमच्या अहिराणीत म्हणाला, "लाल शे ना रे? मना डोयासना भरोसा नई. तू सांग."

तेव्हा सांगता आलं असतं. पोरगी चहा टाकायला आत गेली होती, खोलीत आम्ही दोघंच.

मी म्हटलं, "लाल आहे. थांब."

हिरवा झाल्यावर म्हटलं, "चल." आम्ही बाहेर पडलो. पडद्यावर सकाळ झाली. दादा वैशालीला हाका मारत सुटला, "तुझा काका नसता तर मला दिसलंच नसतं." मी उठून नवरदेवासारखा नाचलो. दोघं पोट धरून हसले.

चिंधी नव्हती हँडलला. त्याला दिसलं ते बरोबर दिसलं होतं.

मंगळवारी दादाला परत डोळे दाखवायला न्यायचंय. सोबत मी जाणार आहे.