काकांनी शिवलेलं कव्हर

काकूंचा कॉम्प्युटर बिघडला तो काका बरे झाल्यावर. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण संबंध होता, आणि तो चांगला जाड फोम लावून, चारी कडांना पायपिंग करून शिवलेला होता.

काका म्हणजे चौकातले कव्हरवाले. सोफे, खुर्च्या, मोटारींच्या सीटा, जे म्हणाल त्याला कव्हर. उघडी वस्तू दिसली की त्यांना चैन पडायचं नाही. घरात फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा कव्हर. काकू वैतागून म्हणायच्या, "एक दिवस मलाच कव्हर घालून ठेवाल." त्यावर काका त्यांना वरून खाली नीट न्याहाळायचे आणि म्हणायचे, "कापड जरा जास्त लागेल."

काकूंची नोकरी बसस्टँडवरची. माइकसमोर बसून गाड्या पुकारायच्या. आवाज असा की पळणारा माणूससुद्धा ऐकायला थांबायचा, आणि त्यापायी एखाद्याची गाडीही चुकायची. निवृत्त झाल्यावर तो आवाज भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरता उरला. तेव्हा अंधांसाठी चालणाऱ्या एका वाचनालयानं त्यांना बरोबर गाठलं. काम सोपं: पुस्तकं मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करायची आणि पाठवून द्यायची. लेक कॉलेजात असताना घेतलेला कॉम्प्युटर घरात होताच. लेक लग्न होऊन गेली, कॉम्प्युटर माहेरीच राहिला. काकूंनी त्याला माइक जोडला, मागच्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावल्या आणि वाचायला बसल्या. त्यात त्या अशा रमल्या की विचारू नका.

मग काकांना झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात लुळा पडला. ज्या हातानं आयुष्यभर कात्री चालवली तो पाण्याचा पेला धरताना लटपटायला लागला. दुकान बंद करावं लागलं. शिलाई मशीन घरी आणून खिडकीशी ठेवलं, तर काका त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले. काकूंना ते बघवत नसे. गोळ्या, मालिश, रबरी चेंडू दाबायचा व्यायाम, सगळं त्या डोळ्यांत तेल घालून करून घ्यायच्या. आणि कौतुक तर इतकं, की काकांनी न सांडवता पेला खाली ठेवला तरी "वा! छान!"

हाताला हळूहळू जोर आला. एक दिवस काकू बाजारातून परतल्या तर घरातून मशीनचा आवाज! पिशव्या जिन्यातच टाकून त्या धावल्या. आत काका घामाघूम होऊन, जीभ दातांत धरून टीप मारत होते. सोफ्याचं उरलेलं निळं कापड, आतून फोम, खाली इलॅस्टिक, बटणापुरतं भोक, भोकावर इवलीशी झडप, मागे वायरींपुरती चीर.

"तूच म्हणत होतीस ना, कॉम्प्युटरवर धूळ फार बसते?" काका म्हणाले.

आपण असं कधी म्हटलं होतं ते काकूंना काही आठवेना. "अगदी छान झालंय हो," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून भरपूर रडल्या. आनंदानंच रडल्या, उगाच गैरसमज नको.

कव्हर बसलंही असं गच्च, की बोट आत जाणार नाही. टेबलाखालचा तो खोका निळ्या सोफ्याचं पिल्लू दिसायला लागला.

आणि कॉम्प्युटरनं रंग दाखवायला सुरुवात केली. सुरू व्हायचा बरा. काकू एखाद-दुसरं पान वाचायच्या, तोवर आतला पंखा घरघरायला लागायचा आणि पडद्यावरचा बाण जागीच थिजायचा. क्लिक करून काकूंनी चहा टाकावा, गाळावा, पिऊन कप विसळून ठेवावा, तरी समोर काही उघडलेलं नसे. रेकॉर्डिंग ऐकावं तर मधलेमधले शब्द गिळलेले, आणि मागे पिठाची गिरणी चालू असल्यासारखा आवाज. पुस्तक होतं एका जहाजाच्या सफरीचं. ते जहाज भर वादळात सापडलं आणि तिथेच अडकून पडलं, कारण पुढचं प्रकरण रेकॉर्डच होईना. वाचनालयाच्या बाईंचा फोन आला, "काकू, जहाजाचं काय झालं हो? इथे सगळे विचारून विचारून माझं डोकं खातात. एक आजोबा तर म्हणतात, बुडालं असेल तर तसं सांगून टाका, पण असं ताटकळत ठेवू नका."

लेकीनं फोनवरून उपचार सुरू केले. "आई, जुने फोटो काढून टाक, जागा मोकळी होईल." फोटो पेनड्राइव्हवर गेले. "चालू होताना आपोआप काय काय उघडतं बघ, ते सगळं बंद कर." केलं. "व्हायरस शोध." शोधला, सापडला नाही. काका शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि एकच सल्ला द्यायचे, "थोडा वेळ बंद ठेव आणि मग चालू कर." गंमत म्हणजे तेवढ्यानंच जरा उतार पडायचा. मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

शेवटी काकूंनी हात टेकले. गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार चांगला पन्नाशीचा, ढेरपोट्या. कपाळावर बॅटरी बांधून मशीन उघडायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून कॉम्प्युटर निघाला, तेव्हा काकांनी आठवणीनं कव्हर काढून घेतलं. "दुकानात मळेल," ते म्हणाले.

दुकानात कॉम्प्युटर असा पळाला की बघत राहावं! डॉक्टरनं आतली धूळ झाडली, मेमरी वाढवली, तासभर सिनेमा लावून ठेवला. ठणठणीत. घरी आणला, काकांनी मायेनं कव्हर चढवलं, आणि दुसऱ्या पानाला पुन्हा घरघर. परत दुकानात नेला, तर तिथे शहाण्यासारखा वागला. परत घरी आणला, तर पुन्हा तेच.

"मेला नाटकी आहे," काकू म्हणाल्या. "बाहेरच्यांसमोर बघा कसा गुणी!"

डॉक्टरला आता हा अपमान वाटायला लागला होता. त्यानं घरातल्या विजेवर संशय घेतला. वायरमन येऊन नवा सॉकेट बसवून गेला. काही फरक नाही. "मीच घरी येतो," डॉक्टर म्हणाला. "ह्याला घरात बघायला पाहिजे."

तो आला तेव्हा काका हाताच्या व्यायामाला दवाखान्यात गेले होते. डॉक्टर कष्टानं टेबलाखाली वाकला आणि बोटानं निळा फोम दाबून पाहिला.

"काकू, हे काय आहे?"

"कव्हर."

"चालू असतानाही असतं?"

"म्हणजे? तेव्हा काढायचं असतं होय?"

डॉक्टरनं कव्हर ओढून काढलं. आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी गरम हवा आली. "अहो, ह्याला आतली उष्णता बाहेर टाकायला वाट लागते," तो म्हणाला. "तापला की जळू नये म्हणून आपला आपणच सावकाश चालतो. भर उन्हात रजई गुंडाळून पळायला लावलंत की त्याला!" आणि तो पोट धरून हसायला लागला. काकू हसत नाहीत हे लक्षात आल्यावर त्याचं हसू हळूहळू विरलं.

"ह्यांना सांगायचं नाही," काकू म्हणाल्या.

"का?"

"त्यांनी शिवलंय. हात परत आल्यावर शिवलेली पहिली वस्तू आहे ती. खबरदार एक शब्द बोललात तर."

"मग मी सांगू काय?"

"सांगा, वय झालंय त्याचं."

डॉक्टरनं आयुष्यात प्रथमच जाणूनबुजून चुकीचं निदान केलं, तेही दारात भेटलेल्या काकांच्या डोळ्यांत बघून. काकूंना भीती एकच होती. किती मुश्किलीनं हा माणूस मशीनकडे वळला होता! आपल्या हातून झालं ते काम नसून उपद्व्याप आहे असं कळलं, तर तो पुन्हा पाठ फिरवून बसेल, आणि ह्या वेळी बसला तर उठणार नाही. त्यापुढे जहाज बुडालं तरी त्यांना चालणार होतं.

काकांनी मात्र त्या निदानाचा विचार केला आणि जेवताना म्हणाले, "वय झालंय तर नवीन घेऊ या. त्यालाही शिवतो एक. ह्याच्याहून जाड."

काकूंना ठसका लागला. "नको," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला ह्याचीच सवय आहे."

मग काकूंचा चोरटा कारभार सुरू झाला. दुपारी काका व्यायामाला बाहेर पडले की त्या टेबलाखाली शिरून कव्हर काढायच्या, भराभर वाचायच्या, आणि त्यांची यायची वेळ झाली की धापा टाकत पुन्हा चढवायच्या. ह्या वयात नवऱ्यापासून लपवून काय करायचं, तर कॉम्प्युटरला मोकळं करून पुस्तक वाचायचं! पण जहाज हललं. वाचनालयात आनंदीआनंद झाला. काकू मात्र दर वेळी कव्हर चढवताना खजील व्हायच्या.

एके दुपारी व्यायामाच्या दवाखान्याला कुलूप होतं. काका तसेच परतले. काकूंच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे दार वाजलेलं त्यांना कळलं नाही. त्या वाचत होत्या, आणि आवाज लागला होता. काका उंबऱ्यातच उभे राहून ऐकत राहिले. पलंगावर घडी घातलेलं निळं कव्हर होतं. टेबलाखाली खोका उघडा होता आणि मुकाट चालला होता. काकूंनी पान उलटलं, मान वर केली, आणि काका दिसताच हेडफोन ओढून काढले.

काका पुढे आले. टेबलाला धरून खाली बसले आणि खोक्यामागे तळहात धरला.

"इथून गरम हवा येते," ते म्हणाले.

"हो."

"मी नेमका इथेच फोम लावलाय."

"हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"डॉक्टर येऊन गेले त्या दिवसापासून."

काकूंना वाटलं, आता हे पाठ फिरवणार. काका मात्र हसले. "कमाल झाली! एवढ्या मोटारी शिवल्या, कुठे जाळी सोडायची ते डोळे मिटून सांगेन, आणि घरातल्या पेटीचं नाक बांधून ठेवलं." मग त्यांचं हसू थांबलं. "पण तू बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता वाटतंय ते." काका तिथेच जमिनीवर बसून राहिले. "अगं, माझ्या दुकानात येऊन, गिऱ्हाइकासमोर तू सांगायचीस, हा कोपरा ओढला गेलाय. मला असला राग यायचा! पण कोपरा ओढला गेलेला असायचाच. आणि झटका आल्यापासून सगळं छान. पेला धरला, छान. शर्टाचं बटण लावलं, छान. मला त्या 'छान'ची धास्ती बसलीय. वाटतं, हिनं माझ्यावर पाणी सोडलं. आता हा माणूस कसाही वागला तरी हिला चालतं."

आपण ह्यांना उभारी देतोय असं समजून काकू इतके महिने गोड बोलत आल्या होत्या, आणि काका त्या प्रत्येक गोड शब्दाला आतून आक्रसत होते. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. आणि का कोण जाणे, हलकंही वाटलं.

त्या उठल्या. कव्हर उचलून खिडकीपाशी नेलं, चष्मा लावला, उलटं केलं, सुलटं केलं, ताणून पाहिलं.

"डावीकडची टीप वाकडी गेलीय."

"कुठे?" काका धडपडत उठून आले.

"ही इथून पार इथपर्यंत. झडप बाजूला सरकलीय. आणि हा निळा रंग मला मुळीच आवडत नाही."

"पहिल्या दिवशीच दिसलं होतं?"

"दारातूनच."

काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. एखाद्यानं बक्षीस द्यावं आणि माणसाला आनंद लपवता येऊ नये, तसं त्यांचं झालं. त्यांनी कव्हर काकूंच्या हातातून ओढून घेतलं आणि मशीनवर जाऊन बसले.

"मागे आणि बाजूंना जाळी टाकतो," ते म्हणाले. "फोम काढूनच टाकतो. डावीकडची टीप राहू दे तशीच. ती बाजू भिंतीला लागते, कुणाला दिसणार आहे?"

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"उसवा," त्या म्हणाल्या.

काका तोंडानं कुरकुरत ब्लेड शोधायला लागले.