ताणावरची बाग आणि सोनेरी घोडा

रामाकोना गावचा हेमराज आयुष्यात फारसं काही जिंकला नव्हता. सौंसरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी नापास झाला. बोरगावच्या एका कारखान्यात लागला. तिथं माणसं कमी केली तेव्हा कमी होणाऱ्यांत मात्र त्याचं नाव पहिलं होतं. मग वडिलांच्या संत्र्याच्या बागेत परतला. कलमं वडिलांनी लावलेली, म्हणून गाव तिला भैय्याजीची बाग म्हणे. हेमराज चाळिशीला टेकला तरी भैय्याजीचा पोरगाच राहिला.

मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात मात्र त्याला स्वतःचं नाव होतं. जानेवारीत तिथं सोनेरी घोडा जाहीर झाला. रोज सकाळच्या लढाईत उतरायचं, एकही खाडा नाही, की महिन्याअखेर घोडा आपला. पळायला तो साध्या घोड्याइतकाच. फक्त चमकतो.

“चमकून काय करते?” बायकोनं, डिंपलनं विचारलं.

“सगळ्याइले दिसते.”

“मंग गोठ्यात बांधा. आमालेबी दिसन. शेण तं देते ना?”

त्याच दिवसांत बाग ताणावर होती. संत्र्याला बहार यावा म्हणून आधी पाणी तोडतात. झाड तहानेनं कासावीस झालं की पाणी सोडतात, मग ते फुलतं. खेळ बनवणाऱ्यांनाही ही रीत ठाऊक असावी. पाणी सोडण्याचा भाग त्यांनी वगळला आहे.

पाणी कधी सोडायचं ते पान सांगतं. दुपारी मुरडलेल्या पानाला अर्थ नाही, उन्हात सगळीच मुरडतात. भल्या सकाळी, गारव्यातही पान मुरडलेलं दिसलं, तर त्याच दिवशी पाणी. हलक्या जमिनीत उशीर झाला की फांद्या वाळायला लागतात. हे पाहणं भैय्याजींचं काम. पण यंदा ते मोतीबिंदू काढायला नागपूरला लेकीकडे गेले होते.

बाग नाल्याकाठी, खोलगटात. तिथं रेंज नाही. सकाळची लढाई घराच्या गच्चीवर.

भैय्याजींचा रोज फोन येई. “पानं मुरडली का रे सकायी?”

“नाही बाबा. ताठ हायेत.”

“बागेत गेलता ना?”

“हाव ना. आताच तं पाहून आलो.”

“मंग राहू दे. घाई नोको करू. ताण चांगला बसला पायजे.”

लढाई संपवून हेमराज बागेत पोचे तोवर ऊन चढलेलं असे आणि पानं मुरडलेली असत. उन्हात तर मुरडतातच, असं तो बापाच्याच शिकवणीनं स्वतःला समजावी.

“खाली पानाचा सडा पडून राहिला,” डिंपल म्हणाली.

“ताणावर गळतातच.” हेही खरंच होतं.

महिना संपला, घोडा मिळाला. हेमराज त्यावर बसून मैदानात उतरला, तर समोरून तसलेच घोडे येत होते. खाडा कुणीच केला नव्हता.

भैय्याजी परतले ते थेट बागेत गेले. पान मुठीत धरलं, त्याचा चुरा झाला. मोटर सुरू केली.

बाग फुलली. अशी फुलली की पानं झाकली गेली. मोहगावच्या बाजाराला जाणारे थांबून म्हणत, “भैय्याजी, यंदा तं बहारच बहार!”

“हाव,” भैय्याजी म्हणत. मरायला टेकलेलं झाड असंच फुलतं, हे थांबणाऱ्यांनाही माहीत होतं. पण मालकाच्या तोंडावर कोण म्हणणार?

मग फुलं गळाली. शेंडे वाळले आणि वाळणं फांदीफांदीनं खाली उतरू लागलं. कुठवर उतरलं ते साल खरवडून पाहावं लागतं. आत हिरवं लागलं तर तिथून छाटून झाड वाचवता येतं. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे भैय्याजींना वाकायची मनाई होती. ते बांधावर उभे राहिले, हेमराज पहिल्या झाडाच्या खोडाशी बसला.

“हिरवं लागलं का?”

‘हाव’ हेमराजच्या जिभेवर तयारच होतं. त्यानं अजून खाली खरवडलं, पार मातीपर्यंत. आतलं लाकूड तपकिरी होतं.

“नाही बाबा.”

भैय्याजी बांधावरूनच पुढच्या झाडासमोर सरकले.

“पुढलं झाड पाह्य,” ते म्हणाले.