तिला पलंग, मला कोपरा

त्या वर्षी पार्ल्याच्या आमच्या घरात दोघी जावांना एकदमच दिवस गेले. मला आधी, धाकटीला महिन्याभराने. बिस्किटांच्या कारखान्याकडून वारा आला की दोघी मोरीकडे धावायचो. सासूबाई म्हणायच्या, "बायांनो, एकीने तरी पोळ्या लाटा गं." तेवढं एकच सुख आम्ही दोघींनी सारखं वाटून घेतलं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मला लाल दिसलं. सासूबाईंना सांगितलं, तर त्या आधी दोन पावलं मागे सरकल्या. "शिवू नकोस कुणाला. बाहेरची झालीस तू. दिवस कसले, नुसती पाळी लांबली होती." झालं. कोपऱ्यात खिडकीखाली घोंगडं, वेगळं तांब्या-भांडं, चौथ्या दिवशी न्हाण. पोटात कळा यायच्या तेव्हा मी तोंडात पदर कोंबायचे. धाकटी दुरून ताट सरकवायची. मध्ये काही गाठीसारखं पडलं, तेही कुणाला दाखवलं नाही. दाखवणार कुणाला, जवळ कुणी यायचंच नाही.

डोक्यावरून पाणी घेतलं आणि हुडहुडी भरून ताप चढला. तेव्हा कुठे यजमानांनी स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, कपडा मागून पाहिला आणि म्हणाल्या, "हा विटाळ नव्हे, गर्भ पडलाय. थोडा आत राहिलाय, तो सडायला लागलाय. उचला हिला." दवाखान्यात गुंगी देऊन पिशवी साफ केली, पेनिसिलीनची इंजेक्शनं टोचली. घरी आले तर सासूबाईंचं सुरू, बादली उचलली असणार हिने. शेजारीण म्हणाली, पपई खाल्ली असेल. गेलं म्हणून मात्र कुणी हळहळलं नाही. त्यांच्या लेखी काही आलंच नव्हतं.

त्यानंतर बिस्किटांचा वास आला की धाकटी ओकायची आणि मला भूक लागायची. तिच्या ओकाऱ्यांचा मला हेवा वाटायचा. हो, ओकाऱ्यांचा. ती तोंड पुसत बाहेर आली की एक थोबाडीत द्यावीशी वाटायची, आणि तिने बिचारीने माझं काय घोडं मारलं होतं?

मग एका दुपारी तिलाही डाग दिसला. मला वाटलं, निघालं आता घोंगडं. घोंगडं कसलं! सासूबाईंनी स्वतः हाताला धरून तिला पलंगावर निजवलं. शिवाशिवीचं नावसुद्धा काढलं नाही. दिराला डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाईंनी येऊन पायथ्याकडे विटा घालून पलंग उंच करवला, तिला उठायचं नाही म्हणून बजावलं. आणि शौचाचं भांडं द्यायला कोण? मी! माझं अंग नुसतं जळत होतं. माझ्या जिवावर शिकल्या, आणि शिकलेलं सगळं हिला दिलं.

डॉक्टरीणबाई मोरीत हात धूत होत्या, मी पाणी घालत होते. विचारलं, "मलाही पहिल्याच दिवशी असं निजवलं असतं, तर राहिलं असतं ना?" मला हो ऐकायचं होतं. त्या एका होवर मी जन्मभर सासूबाईंशी भांडले असते.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकर पडतात, त्यातली बरीचशी मुळातच नीट रुजलेली नसतात. बादलीने पडत नाहीत, पपईच्या फोडीनेही नाही. मला लगेच बोलवायला हवं होतं ते तुझ्यासाठी. तू मेली असतीस."

"मग हिला का निजवलंत?"

"दुसरं हातात काय आहे आमच्या? राहायचं असेल तर राहील."

राहिलं. मुलगा झाला, गोरा, जावळाने भरलेला. बारशाला आळीतल्या सगळ्या बायका जमल्या. मी आत करंज्यांचं ताट भरत होते, तर सासूबाईंनी हाक मारून बाळ माझ्याच मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "जपून धर हो. घरातलं पहिलं मूल आहे."

"दुसरं," मी म्हटलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई पाळण्याची दोरी सारखी करायला लागल्या. धाकटी उठली, "वहिनी, द्या त्याला," म्हणत तिने हात पुढे केले. मी बराच वेळ बाळ दिलं नाही.