परातीतले दोन पेले

घर दाखवणारी माणसं आधी नळ सोडून दाखवतात, मग खिडकी उघडून हवा दाखवतात. आम्ही दोन्हीकडे बघायचो नाही. दारातून आत शिरलं की माझी आठ वर्षांची मुलगी पिशवीतून लहान परात काढायची आणि फरशीच्या मधोमध ठेवायची. परातीत स्टीलचा एक पेला उपडा घालायची आणि त्याच्या बुडावर दुसरा पेला उभा करायची, तोही निम्मा बाहेर लोंबेल असा. मग उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहायची. घरमालक माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी भिंतीकडे बघायचे. सांगणार तरी काय? आमची मुलगी घर पसंत करते आहे, असं सांगितलं असतं तर त्यांनी आम्हाला जिन्यावरूनच वाटेला लावलं असतं.

आमचं गाव तलासरी तालुक्यातलं, हायवेपासून बरंच आत, डोंगराच्या कडेला. पावसाळ्यात भात आणि नागली, बाकीचं वर्ष कोणाच्या तरी वाडीवर मजुरी. मुलीचे बाबा मात्र मुंबईत लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. २०१४ साली ते काम लागलं तेव्हापासून ते जोगेश्वरीला चार जणांच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. रेल्वेलाईनवर कुठेतरी घर घेऊ, रोज जाऊन-येऊन करीन, असं ते दरवर्षी म्हणायचे आणि मी दरवर्षी उडवून लावायचे. मोकळं अंगण सोडून दोन खोल्यांत जाऊन मी करणार काय होते? मुलगी शनिवारची वाट बघायची, आणि आमचं त्यात भागत होतं.

शनिवारी जेवताना ती बाबांकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची. एका बिल्डिंगमध्ये लिफ्टची घंटा सारखी वाजायची, लोक वैतागले, म्हणून वॉचमनने घंटेत कापडाचा बोळा कोंबला. बाबांनी तो बोळा काढला आणि वॉचमनला सगळ्यांसमोर झापलं. ‘‘घंटा वाजते म्हणून कोणी घंटेचा गळा दाबतं का?’’ हे वाक्य बाबा डोळे मोठे करून म्हणायचे आणि ती खिदळत ताटावरून उठायची.

२०१८ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. आधी आवाज यायचा, जमिनीच्या पोटात सुरुंग फुटावा तसा दबका, आणि लगेच मांडणीवरची भांडी वाजायची. पहिल्यांदा वाटलं कुठे तरी खडी फोडतात. मग कळलं की हे आमच्या पायाखालीच आहे, आणि ते थांबणार कधी हे कोणालाच सांगता येत नाही. लोकांनी अंगणात ताडपत्र्या बांधल्या. शाळा झाडाखाली भरू लागली. आणि घरोघरी परात आणि दोन पेले मांडले गेले. माणूस कामात असतो, बोलण्यात असतो, बारीक हादरा त्याला कळत नाही. पेल्याला कळतो. पेला पडून परात वाजली की हातातलं टाकून बाहेर पळायचं. एकदा मांडलेल्या पेल्यांना हात लावायचा नाही, केर काढतानासुद्धा वळसा घालून काढायचा, असा नेम सगळ्या पाड्यात पडून गेला. आमच्या घरी पेले मांडायचं काम मुलीकडे होतं आणि ती ते देवाची पूजा केल्यासारखं करायची.

एका दुपारी ती चुलीच्या मागच्या भिंतीला टेकून जेवत होती. परात वाजली. ती ताट सोडून पळाली आणि अंगणात पोचते न पोचते तोच मागे ती भिंत खाली आली. नंतर विटा उचलल्या तेव्हा तिचं ताट सापडलं, मध्ये दुमडलेलं. मी ते तिच्या नजरेला पडू नये म्हणून लपवलं, पण तिने ते आधीच पाहिलं होतं.

त्यानंतर ती छपराखाली झोपेना. ताडपत्रीखालीही नीट झोपेना. पेल्यांकडे तोंड करून पडायची, डोळा लागला की दचकून उठायची. सकाळी शाळेत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची आणि कोणी दप्तर आपटलं तरी किंचाळायची. अंगाची नुसती हाडं राहिली. मी भगताकडे नेलं, नारळ ठेवला. मग कासाला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिला बाहेर बसवून मला सांगितलं, ‘‘बाई, हे औषधाने होण्यासारखं नाही. तिला झोप पाहिजे आणि बाप जवळ पाहिजे. दोन्ही एका घरात मिळेल असं काहीतरी करा, लवकर करा.’’ मी जीपमधून परतताना पहिल्यांदा रडले. जे घर मी चार वर्षं उडवून लावत होते, तेच आता मला हवं होतं, आजच्या आज.

सासूला विचारलं. ती म्हणाली, ‘‘मी नाय यायची. माझं देव हितं, माझ्या कोंबड्या हितं. पोरीला ने तू.’’ तिला सोडून फार लांब जाणंही जिवावर आलं होतं.

मग दर रविवारी आम्ही तिघं गावं बघत फिरू लागलो. पहिलं डहाणू रोड. बाबांना तेच हवं होतं. गाडी तिथूनच सुटते, बसायला जागा मिळते, पहाटे निघून रात्री घरी येता येतं. स्टेशनमागच्या गल्लीत तळमजल्याची खोली, पुढे ओटा, ओट्यापुढे मोकळी जागा. घरमालकीण गुजराती बोलणारी, मायाळू. ‘‘बेन, रूम बहु सारी छे,’’ असं खोलीचं कौतुक करत तिने पंखा लावून दाखवला. मुलीने पेले मांडले. तेवढ्यात लाईनवरून मालगाडी गेली. वरचा पेला थरथरला, सरकला आणि परातीत पडला. मुलगी अनवाणी गल्लीत.

‘‘अरे, ए तो मालगाडी छे,’’ मालकीण हसून म्हणाली.

मालगाडी आहे हे मुलीलाही कळत होतं, ती काही वेडी नव्हती. परत येताना बसमध्ये तिने मला विचारलं, ‘‘आई, मालगाडी जात असताना खरा हादरा आला तर मला कसं कळणार?’’ मी तिला जवळ ओढून घेतलं.

बोईसरला कंपन्यांचे ट्रक होते आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावला. पालघर चार-पाच वर्षांपूर्वी जिल्ह्याचं गाव झालं होतं, जिकडे तिकडे बिल्डिंगा उठत होत्या, पायासाठी जमीन ठोकत होते. तिथे तर पेला उभाच राहीना. सफाळ्याला झाडी होती, शांतता होती, मला फार आवडलं, पण लांब पल्ल्याची गाडी न थांबता धडधडत गेली आणि परात वाजली. जिथे गाडी तिथे हादरा, हे कळायला आम्हाला एवढे रविवार लागले. आम्हाला गाडी हवी होती म्हणून तर आम्ही गावं बघत होतो. एजंट म्हणायचा, ‘‘ताई, तुमचा प्रॉब्लेम काय आहे नेमका? वास्तू बघताय का?’’ मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून वरोरला गेलो. समुद्राकाठचं मासेमारीचं गाव. खोलीपुढे बांबूंवर बोंबील वाळत टांगलेले, वास नाकात बसणारा. मुलीने पेले मांडले आणि आम्ही भिंतीला टेकून बसलो. पेला हलला नाही. मालक चहा घेऊन आला, चहा संपला, ऊन भिंतीवर चढलं, तरी पेला हलला नाही. मी मान वळवली तर मुलगी फरशीवर आडवी होऊन गाढ झोपली होती, तोंड उघडं, एक हात परातीच्या काठावर. किती महिन्यांनी ती छपराखाली झोपली होती. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. मग बाबांनी हळूच मालकाला विचारलं की पहाटेच्या गाडीला पोचायला इथून काय मिळतं. मालक म्हणाला, ‘‘पहाटे? पहाटे काय नाय मिळत. रात्री बी नाय मिळत.’’

झोप वरोरला होती आणि बाप डहाणू रोडला. त्या संध्याकाळी परत येताना आम्ही एसटी स्टँडवर भांडलो, लोक बघत होते तरी भांडलो. मी म्हटलं, ‘‘नोकरी सोडा.’’ ते म्हणाले, ‘‘आणि मग करू काय? बोंबील वाळत घालू?’’ मी म्हटलं, ‘‘पोरगी चालली माझी हातची.’’ मुलगी बाकावर पिशवी पोटाशी धरून बसली होती. पिशवीत परात होती.

पुढच्या शनिवारी ते आले ते बॅगेत गोंदाची एक छोटी ट्यूब घेऊन. लोखंडालाही धरून ठेवणारा गोंद, त्यांच्या कामातला. मला चुलीपाशी बोलावून त्यांनी ती दाखवली. मला समजायला वेळ लागला नाही. मी ट्यूब त्यांच्या हातात परत दिली आणि म्हटलं, ‘‘थेंब दिसता कामा नये.’’

पेला गप्प झाल्यावर गाव निवडणं अगदी सोपं झालं. मग आम्ही आमच्या सोयीने निवडलं, बाबांची गाडी आणि सासू दोन्ही जवळ. डहाणू रोड, तीच स्टेशनमागची खोली. सामान लावताना बाबा मुलीला म्हणाले, ‘‘इथे पेले मी मांडतो. मी मिस्त्री आहे ना? गाडीने पडणार नाही, खऱ्या हादऱ्यानेच पडेल असा बसवतो.’’ कोपऱ्यात देवाच्या फळीखाली त्यांनी जागा केली. नेम तिला पाठच होता, हात लावायचा नाही. ती रात्री उशिरापर्यंत टक लावून बसली. एक मालगाडी गेली, दुसरी गेली, राजधानी गेली. पेला जागचा हलला नाही. ‘‘आई, इथली जमीन घट्ट आहे,’’ ती म्हणाली, आणि झोपली.

ती झोपली, एवढंच मला माहीत आहे. मला त्या गोंदाचं त्या वेळी वाईट वाटलं नाही आणि आजही लोक शहाणपण शिकवायला आले तर मी ऐकून घेत नाही. तिच्या गालांवर मांस आलं. शाळेत नाव घातलं, मैत्रिणी झाल्या. रोज रात्री बाबा येऊन तिच्या पायथ्याशी ताट घेऊन बसायचे, ती झोपेत त्यांच्या गुडघ्यावर पाय टाकायची. केर काढताना मी पेल्यांना वळसा घालायचे, ती बघत असो वा नसो.

पावसाळ्यातला एक रविवार. जेवणं झाली होती, बाबा चटईवर पडले होते, मुलगी अभ्यास करत होती. तो आवाज आला. तो एकदा ऐकला की विसरत नाही. लगेच फळीवरचे डबे खाली आले, देवाची तसबीर पडली, दाराची कडी आपोआप वाजायला लागली. सगळी गल्ली ओरडत बाहेर पडली. बाबा दारापर्यंत पोचलेसुद्धा. मी मागे वळून बघितलं तर मुलगी जागची उठली नव्हती. मांडीवर वही, नजर कोपऱ्यात.

‘‘चल, बाहेर चल.’’

‘‘आई, पेला पडला नाही,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘गाडी असेल.’’

तिच्या डोक्यामागच्या भिंतीतून वरपासून खालपर्यंत चीर गेली, माझ्यासमोर, आणि चुन्याचा भुगा तिच्या केसांवर पडला. ती कोपऱ्याकडेच बघत होती. मी तिला दंडाला धरून फरफटत ओट्यावर आणलं. तिचा गुडघा उंबऱ्यावर सोलला.

भिंत पडली नाही. थोड्या वेळाने सगळं थांबलं, लोक हसू-बोलू लागले, मालकिणीने सगळ्यांना पाणी दिलं. बाबा चपला आणायला आत गेले आणि मुलगी त्यांच्यामागून गेली. मी दारात होते. ती कोपऱ्यात गेली, खाली वाकली आणि तिने वरचा पेला उचलला. त्याच्याबरोबर खालचा पेला आला आणि खालच्या पेल्याबरोबर परात आली. तिने दोन पेल्यांच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग तिने ते जिथल्या तिथे ठेवलं आणि बाहेर येऊन ओट्यावर आपली गोधडी पसरली. रात्री पावसाची झड अंगावर आली तरी ती आत आली नाही. एक तळवा फरशीला लावून जागी पडून राहिली. आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना बसलो, पण ती आमच्याकडे बघत नव्हती.

सोमवारी पहाटे बाबा डबा घेऊन निघाले. ओट्याची पायरी उतरताना तिने त्यांना हाक मारली.

‘‘बाबा, त्या वॉचमनला तुम्ही सगळ्यांसमोर झापलं होतं ना?’’

ते पायरीवरच थांबले. स्टेशनवर गाडीची अनाउन्समेंट सुरू झाली, संपली. मग ते खाली बसले, डबा बाजूला ठेवला आणि त्यांनी आपला तळवा तिच्या तळव्याशेजारी फरशीला लावला. त्यांची गाडी त्या दिवशी सुटली ती त्यांना न घेताच.